पाण्याच्या हालचालीवर दाहाचा शिक्का

स्नायूंचा दाह ओळखायला आता तुकडा काढायची गरज नाही. प्रगत डिफ्यूजन एमआरआय काढला की स्नायूत दाह कुठे आहे, किती आहे, हे थेट आकड्यात कळतं. वैद्यकीय परिषदांच्या व्यासपीठांवर, यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत आणि आरोग्य पुरवण्यांत हल्ली हे वाक्य थोड्याफार फरकाने सापडतं. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात ते चटकन रुजतं. शहराच्या एका अंगाला सेवाग्रामचं १९६९ सालचं वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या अंगाला सावंगी मेघेचं १९९० सालचं. दोन्हीकडे एमआरआय आहे, रेडिओलॉजीचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, प्रबंधासाठी विषय हवेच असतात. यंत्र आहे, सॉफ्टवेअर येऊ घातलं आहे, मग अडलं कुठे?

अडलं आहे ते दाव्यातच. डिफ्यूजन एमआरआयला दाह दिसत नाही. पाण्याचे रेणू ठरावीक वेळात किती आणि कुठल्या दिशेला सरकले, एवढंच त्याला कळतं. त्या सरकण्यावर दाहाचा शिक्का माणूस मारतो. हा माणूस देवळीच्या शेतमजूर बाईची मांडी पाहत असेल आणि तुलनेला युट्रेख्ट किंवा न्यूयॉर्कच्या निरोगी स्वयंसेवकांचे आकडे घेत असेल, तर शिक्का चुकण्याची शक्यता त्याने आपल्याच हाताने वाढवली आहे. माझा वाद यंत्राशी नाही. यंत्राच्या तोंडी जे वाक्य घातलं जातं, त्याच्याशी आहे.

आधी मोजमाप काय होतं ते पाहू, कारण दाव्याची सगळी भिस्त त्या ‘प्रगत’ शब्दावर आहे. हे तंत्र मेंदूसाठी जन्मलं आणि मागाहून स्नायूंकडे आलं, असा समज समर्थक आणि विरोधक दोघांचाही असतो. घडलं उलट. चुंबकीय अनुनादाने रेणूंचं सरकणं मोजायची पद्धत स्टेज्स्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये बसवली. १९७६ मध्ये क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पायाच्या स्नायूवर ती वापरली आणि दाखवलं, की पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने जास्त सरकतं, आडवं कमी. मेंदूचा काळ त्यानंतरचा. देनी ल बिहान यांचं डिफ्यूजनच्या चित्रांवरचं काम १९८६ चं, आणि मांजरीच्या मेंदूतला पक्षाघात डिफ्यूजनवर लवकर दिसतो हे मोझली यांनी दाखवलं ते १९९० मध्ये. बॅसर यांनी १९९४ मध्ये दिशांसकट मोजमापाचं गणित मांडलं, तेव्हाही पडताळ्याला डुकराच्या स्नायूचा तुकडाच होता. रुग्णालयात मात्र हे तंत्र पक्षाघातामुळे पोहोचलं. त्यामुळे यंत्रात आयत्या मिळणाऱ्या सेटिंग्ज मेंदूच्या, आणि वाचणाऱ्याची नजरही मेंदूवर तयार झालेली.

त्या सेटिंग्ज जशाच्या तशा मांडीवर लावल्या तर काय होतं? मेंदूच्या नेहमीच्या तपासणीत रेणूंना सरकायला साधारण पन्नास मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात स्नायूतला रेणू एका दिशेला सरासरी चौदा मायक्रॉनच्या आसपास जातो. मेंदूतले मज्जातंतू मायक्रॉनभर जाडीचे असतात, तिथे तो तेवढ्या वेळात भिंतींवर अनेकदा आदळतो आणि त्याच्या अडखळण्यावरून भिंतींचा अंदाज बांधता येतो. प्रौढ माणसाच्या मांडीतला स्नायूतंतू पन्नासेक मायक्रॉन जाड. त्याच्या मध्यावरच्या रेणूला आजूबाजूला भिंत आहे याचा पत्ता लागायच्या आत मोजणी संपलेली असते. जास्त वेळ थांबावं, तर स्नायूचा टी२, म्हणजे सिग्नल विझण्याचा काळ, जेमतेम पस्तीस-चाळीस मिलिसेकंदांचा, सिग्नल विझून जातो. यावर तोड आहे. स्टिम्युलेटेड एको नावाच्या युक्तीने सिग्नल टी१ या जास्त लांब काळाच्या आधारावर राखून ठेवायचा आणि काही शे मिलिसेकंद थांबायचं. पण त्यात निम्मा सिग्नल सुरुवातीलाच जातो. तो भरून काढायला तपासणी लांबवावी लागते, आणि मांडी दुखणाऱ्या माणसाला तेवढा वेळ निश्चल पडून राहावं लागतं.

मेंदूसाठी वापरतात ते १००० चं बी-मूल्यही, म्हणजे डिफ्यूजन मोजण्याच्या जोराचा आकडाही, स्नायूला जड जातं. चारशे-पाचशेच्या आसपास राहणं शहाणपणाचं. शिवाय चरबी. चरबीतले रेणू जवळजवळ सरकतच नाहीत, आणि त्यांच्या सिग्नलचा एक छोटा भाग पाण्याच्या वारंवारतेला इतका लागून असतो की नेहमीच्या चरबी-दाबणीतून निसटतो. तो मिसळला की सरासरी खाली येते. हे सगळं सांभाळणारं मोजमाप करता येतं. करणारे गट जगात आहेत. न्यूयॉर्कच्या नोव्हिकोव्ह आणि फिअरमन्स यांनी २०११ मध्ये मांडलेलं, तंतूची जाडी आणि आवरणाची पारगम्यता काढू पाहणारं प्रारूप तर बुद्धीला सुखावणारं आहे. पण प्रारूप जितकं प्रगत, तितकी त्याच्या पोटात गृहीतकं जास्त. तंतू असे असतात, आवरण असं असतं, मधल्या जागेत इतकं पाणी असतं, असं धरून आकडा निघतो. आजारी स्नायूत नेमकी हीच गृहीतकं मोडलेली असतात.

आता वाचनाकडे. पक्षाघातात पेशी फुगतात, पाणी अडकतं, डिफ्यूजनच्या चित्रावर तो भाग पांढराफटक दिसतो आणि एडीसी, म्हणजे पाण्याच्या सरकण्याचा आकडा, घसरतो. रात्री-बेरात्री असे शेकडो मेंदू पाहिलेल्या डोळ्याला ‘डिफ्यूजनवर उजळ म्हणजे गडबड’ हे पाठ झालेलं असतं. स्नायूच्या दाहात पेशींच्या मधल्या जागेत पाणी साठतं, ते मोकळेपणाने हलतं, आणि एडीसी वाढतो. तरीही चित्र उजळच दिसतं, कारण साठलेल्या पाण्याचा टी२ लांबतो आणि त्याची चमक डिफ्यूजनच्या चित्रातही उतरते. एडीसीचा नकाशा न उघडता ‘डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन’ असं लिहिणारा रिपोर्ट इथे सरळ उलटं लिहीत असतो. घसरायची ही जागा पहिल्या पायरीवर आहे. कर्टोसिससारखी प्रगत मोजमापं त्यानंतरची.

समजा, मोजमाप नीट झालं, वाचनही नीट झालं. मांडीच्या स्नायूत पाण्याची हालचाल वाढली आहे, एवढं पक्कं कळलं. पुढे काय? वर्धा जिल्ह्यात हा आकडा वाढवणारी कारणं किती आहेत, ते पाहिल्यावर मला दाव्यातल्या आत्मविश्वासाची गंमत वाटते.

कुष्ठरोगापासून सुरुवात करू. मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला १९३६ मध्ये महारोगी सेवा समिती उभी केली. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी सेवाग्रामच्या आश्रमात स्वतः करत. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं काम १९५१ पासून वर्ध्यातून चाललं, आणि डॉ. वारदेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण, उपचार या तिन्हींची सांगड घालून जी पद्धत बसवली, ती पुढे देशभर गेली. हा इतिहास जयंतीच्या भाषणांसाठी नाही. तो इथल्या रेडिओलॉजिस्टच्या टेबलावरचा आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झाला की त्याच्या ताब्यातला स्नायू पोरका होतो, आणि पोरक्या स्नायूत सुरुवातीला पाणी वाढतं. स्टर चित्रात, म्हणजे चरबी दाबून पाणी उजळवणाऱ्या एमआरआयमध्ये, तो उजळतो, एडीसी चढतो. पाऊल लुळं पडलेल्या रुग्णाच्या नडगीपुढचे स्नायू पाहा आणि स्नायूदाहाच्या रुग्णाची पोटरी पाहा. नुसत्या आकड्यांवरून दोघांना वेगळं करणं कठीण. वेगळं करायचं तर कोपराजवळची नस बोटाने चाचपावी लागते, चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवून विचारावं लागतं, की कळतं का. या तपासणीला वीज लागत नाही. ज्या जिल्ह्याने ती देशाला शिकवली, तिथेच ती वगळून आकड्यावर विसंबायचं म्हणजे फारच झालं.

मग श्रम. कष्ट केलेल्या स्नायूत रक्त वाढतं, पाणी वाढतं. अंगवळणी नसलेलं काम केलं तर ते काही दिवस टिकतं. उकिडवं बसून निंदण करणारी, कमरेला कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकून वेचणारी, सोयाबीनच्या सोंगणीला पहाटे लागलेली बाई ‘मांड्या भरून आल्या, बसलं की उठवत नाही’ म्हणत ओपीडीत येते. तिचा सीपीकेही (स्नायूंच्या एन्झाइमचा रक्तातला आकडा) थोडा चढलेला असू शकतो. आता तिला डिफ्यूजनमध्ये घाला. आकडा वाढलेला येईल. कशामुळे, हे तिच्या स्नायूला माहीत आहे आणि वेळ दिला तर ती सांगेलही. यंत्राला ते माहीत नाही. जगभरच्या अभ्यासांत स्वयंसेवकाला तपासणीआधी व्यायाम टाळायला सांगतात. वेचणीच्या हंगामात मजुराला हे कोण सांगणार, आणि बुडालेल्या रोजाचं काय?

उन्हाळाही मोजमापात शिरतो, हे फारसं कोणी बोलत नाही. पाण्याच्या रेणूंचं सरकणं तापमानावर अवलंबून असतं: शुद्ध पाण्यात २५ अंशांना साधारण २.३, तर ३७ अंशांना ३.० (एककं सोडून देतो), म्हणजे अंशामागे दोन टक्क्यांहून थोडं जास्त. धडाचं तापमान शरीर सांभाळतं, हातापायांचं तितकं सांभाळत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पुलगावहून एसटीने आलेला पाय आणि तासभर गार खोलीत पडलेला पाय यांच्या वरच्या थरांत काही अंशांचा फरक पडला, तर आकडा त्यानेच पाच-सात टक्के हलतो. सौम्य आजारातला फरकही बऱ्याचदा फार मोठा नसतो. तापमान न नोंदवता दोन तपासण्यांची तुलना करणारा माणूस कशाची तुलना करतो आहे, हे त्यालाच सांगता येणार नाही.

बाकीची कारणं भराभर सांगतो. विदर्भात सिकलसेल आहे, आणि त्यात क्वचित स्नायूचा तुकडाच रक्ताविना मरतो. डेंग्यू आणि इतर विषाणूंच्या तापात स्नायू सुजतात. घोणस चावलेला पाय सुजतो. थायरॉइड मंदावलं तर स्नायू जड होतात आणि सीपीके चढतो. यांतल्या बहुतेकांना आधी रक्तचाचणी आणि चार प्रश्न लागतात.

दाव्याचा दुसरा अर्धा भाग ‘किती’ हा. दाह किती आहे ते आकडा सांगतो, असं म्हणतात. इथे गणितच दगा देतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्टच्या गटाने २००८ मध्ये पॉलिमायोसायटिस आणि डर्मॅटोमायोसायटिसच्या रुग्णांचा डिफ्यूजन अभ्यास छापला. दाह असलेल्या स्नायूत एडीसी निरोगी स्नायूपेक्षा जास्त, आणि चरबी शिरलेल्या स्नायूत कमी. दोन्ही निष्कर्ष भरवशाचे आहेत, आणि समर्थक यांतला पहिला आवडीने उद्धृत करतात. पण दोन्ही एकत्र वाचा. आपल्याकडे रुग्ण पहिल्या महिन्यात मोठ्या रुग्णालयात येतच नाही. तो आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाइन घेतो, मग कुणाच्या सांगण्यावरून बाहेरच्या बाधेचे उपाय करतो, मग तालुक्याला अशक्तपणाची इंजेक्शनं घेतो आणि वर्ष-दीड वर्षाने सेवाग्रामला किंवा सावंगीला पोहोचतो. तोवर त्याच्या मांडीत जुना दाह चरबी होऊन बसलेला असतो आणि नवा दाह शेजारी धगधगत असतो. एक आकडा वर खेचतो, दुसरा खाली. दोघांची बेरीज ‘नॉर्मल’ येऊ शकते. चरबीचा हिस्सा डिक्सन पद्धतीने वेगळा मोजून मग डिफ्यूजन वाचलं तर यातून बरीच सुटका होते. पण मग तपासणी एका प्रगत तंत्राची राहत नाही, दोन तंत्रांच्या ताळमेळाची होते. आणि विकताना दोन तंत्रांचा ताळमेळ कोणी विकत नाही.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, कारण तो टाळून प्रतिवाद होत नाही. बायोप्सी वाईट आहे. ती दुखते, व्रण ठेवते. दाह स्नायूत ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, त्यामुळे भलत्या जागचा तुकडा काढला तर रिपोर्ट निर्दोष येतो आणि रुग्ण आजारीच राहतो. शितावरून भाताची परीक्षा सगळा भात सारखा शिजला असेल तरच होते. त्यात तुकडा नुसता फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो गोठवावा लागतो, त्यावर एन्झाइमचे रंग चढवावे लागतात, आणि नाजूक वाहतुकीत हलगर्जी झाली की बर्फाचे स्फटिक तंतू फोडून टाकतात. हे सगळं खरं आहे. जांघेखाली टाके घेऊन ‘काही निष्पन्न नाही’ असा कागद हातात घेणाऱ्या रुग्णाची चीडही खरी.

पण यावरून निघतं एवढंच, की बायोप्सी सुधारली पाहिजे आणि जागा नीट निवडली पाहिजे. ती नको, हा निष्कर्ष यातून निघत नाही. स्नायूदाह हा एक आजार नाही. डर्मॅटोमायोसायटिस, अँटिसिंथेटेज विकार, स्नायूतंतू थेट मारणारा प्रतिकारजन्य प्रकार, उतारवयातला इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस ही वेगवेगळी कुळं आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे. शेवटच्याला तर स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. पाण्याची हालचाल या सगळ्यांत वाढते. युरोपीय आणि अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये वर्गीकरणाचे निकष ठरवले, त्यांत वय, कोणते स्नायू दुबळे, त्वचेवरच्या खुणा, गिळताना त्रास, अँटि-जो-१ प्रतिपिंड, स्नायूंची एन्झाइम्स आणि बायोप्सी यांना गुण आहेत. एमआरआयला नाहीत, साध्यालाही नाहीत आणि प्रगतलाही. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या पेरांवर गोट्रनचे उंचवटे असलेल्या रुग्णाला त्या निकषांतही बायोप्सीशिवाय वर्गात बसवता येतं. तेव्हा बायोप्सी टळते, हे खरं. पण ती टाळतो त्वचेकडे पाहणारा डॉक्टर.

आणि चूक झाली तर तिची किंमत मोजणारा माणूस कोण, तेही पाहू. डिस्फर्लिन या प्रथिनाच्या अभावाने होणारा आनुवंशिक आजार विशी-पंचविशीत सुरू होतो. सीपीके हजारांत जातो, एमआरआयवर स्नायू उजळतात, बायोप्सीतही दाहपेशी दिसतात. असे तरुण वर्षानुवर्षं ‘पॉलिमायोसायटिस’ म्हणून स्टिरॉइड खातात. चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, पाय मात्र चालतच नाहीत, कारण या आजारात स्टिरॉइडने काही साधत नाही. डिफ्यूजनचा वाढलेला आकडा या तरुणाला आणखी एक पुरावा जोडून आणखी दोन वर्षं त्याच गोळ्यांवर ठेवेल. यावर लखनौच्या सुनील प्रधानांनी २००८ मध्ये एक खूण नोंदवली: रुग्णाला गुडघे किंचित वाकवून उभं करा, मांडीचा पुढचा स्नायू आखडला की मधे शंकरपाळ्याच्या आकाराचा उंचवटा येतो आणि त्याच्या वर-खाली स्नायू झिजलेला दिसतो. त्यावर शंका घ्यायची आणि रक्तातून जनुकीय तपासणी पाठवायची. मुंबईत सतीश खाडिलकरांच्या गटाने महाराष्ट्रातल्या अशा रुग्णांवर बरंच काम केलं आहे. शेजारी इतकं ज्ञान असताना त्याच्याऐवजी परक्या स्वयंसेवकांच्या आकड्यांची उसनवारी करण्याला मी प्रगती म्हणणार नाही.

इथवर वाचून दुसऱ्या गटातले लोक खूश झाले असतील. त्यांचं म्हणणं असं: गांधींच्या जिल्ह्यात, जिथे शेतकरी आत्महत्या करतात, तिथे असली यंत्रंच कशाला? साधं औषध द्या, साधा डॉक्टर द्या. हा युक्तिवाद ऐकायला सात्त्विक आहे आणि आतून पोकळ आहे. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधींनी डॉक्टर आणि रुग्णालयांवर कोरडे ओढले, खरं. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री त्यांचंच अपेंडिक्स पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉकने काढलं. मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी झाली. त्या रात्री ससूनमध्ये तंत्रज्ञान जास्त झालं होतं, असं कोणी म्हणत नाही. सेवाग्रामच्या महाविद्यालयाची पायाभरणी करणाऱ्या सुशीला नायर या गांधींच्या डॉक्टर होत्या आणि त्यांनी एमबीबीएस शिकवणारं पूर्ण रुग्णालय उभं केलं, आयुर्वेदिक काढ्यांचं दुकान नव्हे. त्याच संस्थेने गावोगावी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. काय परवडतं आणि कशाने खरंच फरक पडतो, हा हिशेब या जिल्ह्याने दुसऱ्या कोणाकडून शिकलेला नाही. शिवाय महागाईचा मुद्दा हळूहळू विरणार आहे. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सचं भारतीय बनावटीचं १.५ टेस्लाचं यंत्र आपल्या शेजारच्या चंद्रपूरलाच बसलं. यंत्रं स्वस्त होतील आणि चुकीची वाक्यंही तितक्याच वेगाने पसरतील, म्हणून तर हा वाद आत्ता.

डिफ्यूजन टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. ते जिथे खरंच काम करतं ती ठिकाणं मोजकी आहेत, आणि त्यांतलं सर्वांत ठसठशीत ठिकाण साध्यातल्या साध्या डिफ्यूजनचं आहे, प्रगतचं नव्हे. उष्ण प्रदेशात मांडीत किंवा कुल्ल्यात पू धरतो, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकसचा. ताप, गोळा, हात लावू न देणारी वेदना. पहिल्या आठवड्यात स्नायू नुसता सुजलेला असतो, नंतर आत पू साठतो, आणि त्या टप्प्यात चीर देऊन तो काढावा लागतो. घट्ट पुवात पाणी हलत नाही. डिफ्यूजनवर तो उजळतो आणि एडीसी खाली जातो. भोवतीच्या सुजेत एडीसी वर. एकाच चित्रात दोन्ही शेजारी दिसतात आणि सर्जनला चीर कुठे द्यायची ते कळतं. बहुतेक वेळा सोनोग्राफीनेच भागतं, आणि भागत असेल तर पुढे जाऊ नये. पण पू खोल नितंबात किंवा कमरेच्या आतल्या स्नायूत असेल, रुग्णाचं मूत्रपिंड बिघडलेलं असेल आणि गॅडोलिनियमचं इंजेक्शन देता येत नसेल, तर काही मिनिटांचं डिफ्यूजन त्याचा जीव वाचवू शकतं. यावर कोणी भाषण ठोकत नाही, कारण यात नवीन सॉफ्टवेअर नाही.

दुसरा उपयोग बायोप्सीची जागा निवडण्याचा. तुकडा उजळ आणि चरबी न शिरलेल्या स्नायूतून घ्यायचा. यासाठी स्टर आणि टी१ चित्रं पुरतात. डिफ्यूजन जोड देऊ शकतं. तिसरा उपयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच प्रबंध व्हायला हवेत. स्नायूदाहाचा रुग्ण तीन-चार महिने स्टिरॉइडवर आहे. आधी जिना चढू लागला होता, आता पुन्हा मांड्या लटपटतात. आजार उसळला, की स्टिरॉइडनेच स्नायू खाल्ले? पहिल्यात गोळ्या वाढवायच्या, दुसऱ्यात कमी करायच्या. उलटं झालं तर रुग्ण आणखी खचतो. स्टिरॉइडने झिजलेल्या स्नायूत पाणी वाढत नाही, उसळलेल्या आजारात वाढतं. इथे त्याच रुग्णाचा आधीचा आकडा हाताशी असेल, यंत्र तेच, सेटिंग तेच, खोलीचं तापमान आणि आदल्या दोन दिवसांची विश्रांती नोंदवलेली असेल, तर आकड्यातला बदल बोलतो. परक्या नॉर्मलशी तुलना टळते; माणूस स्वतःचाच मापदंड होतो. टी२ चा नकाशाही हेच काम करतो, कदाचित कमी कटकटीत. डिफ्यूजनने त्याच्यापेक्षा काय जास्त दिलं, हे दाखवण्याची जबाबदारी डिफ्यूजनवाल्यांची आहे. त्यांनी ती घ्यावी.

आणि निदानासाठी आकडा वापरायचाच असेल, तर तो इथला हवा. सेवाग्राम आणि सावंगी यांनी मिळून एकाच पद्धतीने निरोगी माणसांच्या मांड्या आणि पोटऱ्या मोजाव्यात. वयाप्रमाणे, बाई-पुरुष वेगळे, हंगामाप्रमाणे वेगळे: वेचणी सुरू व्हायच्या आधी एकदा, ऐन भरात एकदा, मे महिन्यात एकदा. कुष्ठरोगाने पाय लुळे पडलेल्या आणि तयारी दाखवणाऱ्या काही रुग्णांचे आकडेही घ्यावेत, म्हणजे पोरका स्नायू आणि दाहाचा स्नायू यांच्यात खरोखर किती अंतर आहे, की नाहीच, ते कागदावर येईल. मजुराला त्या दिवसाचा रोज द्यावा, यायचं भाडं द्यावं, आणि तपासणीत काय होणार ते त्याच्या भाषेत सांगून मगच सही घ्यावी. तोवर रिपोर्टात ‘पाण्याची हालचाल वाढलेली, कारणासाठी रुग्ण तपासावा’ एवढंच लिहावं, आणि ‘मायोसायटिस’ हा शब्द ज्याने रुग्णाला हात लावून पाहिलं आहे त्याच्यासाठी मोकळा ठेवावा. एक अट मात्र मी सोडणार नाही: या मोजणीत निरोगी माणसं म्हणून एमबीबीएसचे विद्यार्थी नकोत. ते वसतिगृहातून पाच मिनिटांत येतात, म्हणूनच नकोत.